विल्बर्न काउंटीतलं स्थळ

अमरावती,
१२ फेब्रुवारी २००४

चि. नरेंद्र यास,
शोभनाताईचे अनेक आशीर्वाद. सौ. सुहासिनीलाही आशीर्वाद आणि रुचाला गोड पापा.

फोन असताना ही बाई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोन दिवाणखान्यात आहे. मी रिसीव्हर उचलला की माझ्या जाऊबाईंना, म्हणजे सीमाला, नेमकं तिथलंच टेबल पुसायचं असतं. दिराच्या घरात राहणाऱ्या विधवेने मोठ्याने बोलू नये, हे मी आता शिकले आहे. तू हसू नकोस, लहानपणी माझा आवाज तीन घरं पलीकडे जायचा हे मला आठवतंय.

मुद्द्याचं सांगते. रेणूसाठी स्थळ आलं आहे. मुलगा यवतमाळचा, नाव विवेक, वय छत्तीस. इंजिनियर आहे आणि तुमच्याच जॉर्जियात विल्बर्न काउंटी म्हणून काहीतरी आहे, तिथे कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे. बिजवर आहे. ते त्याच्या आईने, पद्मिनीबाईंनी, आपणहून सांगितलं. पहिली बायको प्रीता पुण्याची. वर्षही पुरं न होता परत आली, तिला तिकडे करमलं नाही म्हणाल्या. नरेंद्र, अमेरिकेत न करमलेली मुलगी मी अजून पाहिलेली नाही.

पण दुसरी बाजूही सांगते. रेणूला बत्तिसावं चालू आहे. हातावरचं कोड आता मानेपर्यंत आलंय. आजवर जो आला त्याने आधी पत्रिका विचारली आणि मग बाही मागे करायला सांगितली. या लोकांनी पाहिलं आणि चकार शब्द काढला नाही. इतकं चांगुलपण पाहिलं की माझ्यासारखीला धडकीच भरते.

आपल्याकडे चौकशी करायची म्हणजे चार माणसांना विचारायचं, त्यातली तीन मुलाकडचीच निघतात. पण शेजारचे कुमारसाहेब सांगत होते की अमेरिकेत कोणाला कधी पोलिसांनी धरलं हे कोर्टात जाऊन कोणीही विचारू शकतो. खरं असेल तर तू जा आणि बघून ये. पत्रिकेची नक्कल सोबत ठेवली आहे, गुण अठ्ठावीस जुळतात. जे असेल ते पत्रानेच कळव. रेणूला यातलं काही ठाऊक नाही.

तुझा लोभ आहे की नाही हे मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. तो जरा कामाला लाव, एवढंच.

तुझी,
शोभनाताई


अल्फारेटा, जॉर्जिया,
८ मार्च २००४

ती. ताईस,
नरेंद्रचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे विनंती नव्हतीच, वॉरंट होतं. सुहासिनी म्हणाली, ताईंनी सांगितलंय ना, मग निघा. इथे कोणी माझं ऐकत नाही, तिथेही नव्हतं.

मी कॉम्प्युटरवाला, म्हणून आधी घरबसल्याच शोधून पाहिलं. इंटरनेटवर दुकानं आहेत, सगळ्या देशातल्या गुन्हेगारांची माहिती मिळेल म्हणतात. पैसे घेतले आणि भलत्याच माणसांची नावं हातावर ठेवली. ऑफिसातला एक जण म्हणाला, अरे यार, एवढ्याशा काउंटीचं रेकॉर्ड ऑनलाइन नसतंच, स्वतः ड्राइव्ह करून जा. मग गेल्या शुक्रवारी सुट्टी टाकली आणि दोघं निघालो. इथून चार तास दक्षिणेला. पाइनची झाडं, कापसाची उघडी शेतं, दर दोन मैलांवर एक चर्च. गाव म्हणजे एक चौक, मधोमध कोर्ट, त्याच्यापुढे जुन्या युद्धातल्या शिपायाचा दगडी पुतळा. आणि सगळीकडे कोंबडीच्या खाद्याचा वास. तो कपड्यांना इतका चिकटला की सुहासिनीने घरी आल्या आल्या सगळे धुवायला टाकले.

वाटेत आम्ही गोष्ट रचत होतो. कोण म्हणून विचारायचं? दूरचा भाऊ म्हणू, की घरमालक? आपल्याकडे साधा सातबारा काढायचा तर ओळख लागते, अर्ज लागतो, चहा पाजावा लागतो. इथे काउंटरवरच्या बाईने मी कोण, कशासाठी आलो, काहीच विचारलं नाही. नाव आणि जन्मतारीख विचारली. जन्मतारीख आपल्याला कुठून ठाऊक असणार? तर तुझ्या पत्रिकेतून. कोर्टाच्या काउंटरवर मी कुंडली उघडली आणि तारीख वाचली. जन्मवेळही सांगायला निघालो होतो, सुहासिनीने कोपराने ढोसलं.

ताई, पुढचं जपून वाच. बसून वाच.

नोंद आहे. बाईने खटल्याचा कागद दिला आणि म्हणाली, अटकेचा रिपोर्ट रस्त्यापलीकडे शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसात मिळेल. तिथेही कोणी काही विचारलं नाही. रिपोर्ट नोव्हेंबर २००१ चा आहे. शेजारी मिसेस गॅडिस म्हणून बाई राहतात. त्यांना किंकाळी ऐकू आली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांनी पाहिलं आणि पोलिसांना फोन केला. पोलीस आले तेव्हा प्रीता अंगणात अनवाणी उभी होती. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तिला इंग्रजी बोलता येत नव्हतं. त्या गावात मराठी जाणणारं दुसरं माणूस कुठून आणणार? म्हणून तिच्या जबाबाचं भाषांतर केलं तिच्या नवऱ्याने. कागदावर तसंच लिहिलं आहे: पत्नीचं म्हणणं, पतीमार्फत, की ती पायरीवरून घसरली.

त्या पोलिसाने मिसेस गॅडिसच्या सांगण्यावर विश्वास ठेवला आणि याला धरून नेलं. दोन रात्री आत होता. मग जामीन. चार महिन्यांनी केस बंद, कारण प्रीता भारतात निघून गेली होती आणि उभं राहायला कोणी नव्हतं. कायद्याने बोलायचं तर काहीच सिद्ध झालेलं नाही, हेही मी तुला सांगायला हवं. पण मी तो रिपोर्ट गाडीत बसून तीनदा वाचला.

ताई, हे स्थळ सोड. कागद सोबत पाठवतो आहे, म्हणजे भावाने ऐकीव सांगितलं असं कोणी म्हणणार नाही.

काळजी करू नकोस असं लिहीत नाही. या वेळी केलीस ते बरंच झालं.

तुझा,
नरेंद्र


अमरावती,
२७ मार्च २००४

चि. नरेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

कागद मिळाले. कुमारसाहेबांकडून समजून घेतले, नाव झाकून. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. अशा गोष्टी चव्हाट्यावर मांडून ठेवायच्या, कोणीही यावं आणि वाचून जावं, म्हणजे काय राज्य म्हणायचं ते! पण तू एवढा त्रास घेऊन गेलास, त्याला तोड नाही.

मी पद्मिनीबाईंना निरोप धाडला की आम्हाला सगळं समजलं आहे. वाटलं, आता तोंड दाखवणार नाहीत. तर दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तिकडे घरात आवाज चढला तरी पोलीस दारात येतात, शिवाय ती पोरगीच आक्रस्ताळी होती. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, शोभनाताई, तुमचं उणं आम्ही पाहिलं आणि झाकलं, आता आमचं तुम्ही झाका. उडदामाजी काळे गोरे, काय निवडावे निवडणारे.

नरेंद्र, मी त्यांना उठवून लावणार होते, खरंच सांगते. पण स्वयंपाकघरातून सीमाचा आवाज आला. दिवाळीनंतर तिच्या मुलाचं लग्न करायचंय आणि रेणूची खोली त्याला लागणार आहे, हे ती मोलकरणीला सांगत होती. मला ऐकू जावं म्हणूनच सांगत होती. सोळा वर्षं मी या घरात असं काही ना काही ऐकत आले आहे. मी मेल्यावर रेणूने ते ऐकत बसायचं का?

मी हो म्हटलं. आणि आयती संधी आलीच होती तर सोडली नाही. पद्मिनीबाईंना मोठा हॉल हवा होता, मानपान हवे होते. कागदाचं नाव काढल्यावर सगळं सोडलं. नारळ आणि मुलगी द्या म्हणाल्या. सत्तावीस जूनचा मुहूर्त धरला आहे.

माणूस एकदा चुकतो. पोलिसाने हात धरल्यावर पुन्हा नाही चुकणार. तसा तो शांत वाटतो. फोनवर मला आई म्हणाला.

आता तुझं काम. माझ्यासारखीच्या हातून कन्यादान होत नाही. ते तू आणि सुहासिनीने करायचं, आणि मामा म्हणून तिला मांडवात तूच आणायचं. कागद फाडून टाकले आहेत, तुझ्याकडचेही फाड. रेणूला काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

रागावशील, ठाऊक आहे. रागावून झालं की तिकिटं काढ.

तुझी,
शोभनाताई


अल्फारेटा,
९ एप्रिल २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू मला चौकशी करायला सांगितलीस. मी केली. तिचा तू सौदा केलास. एका मुलीचं मोडलेलं हाड तू हॉलच्या बदल्यात दिलंस, आणि वर मला लिहितेस की त्रास घेतलास त्याला तोड नाही.

उडदामाजी काळे गोरे! रेणूच्या कातडीला रंग नाही आणि त्याने बायकोचं हाड मोडलं, हे दोन्ही एकाच पारड्यात घालताना तुझा हात कापला नाही का? तिचं उणं कसलं गं? तो एक आजार आहे, तोही दुखत नाही.

कन्यादान मी करणार नाही. ज्या हातात तो रिपोर्ट धरला, त्याच हाताने तिचा हात त्याच्या हातात देणं मला जमणार नाही. शिवाय खरं तेही सांगतो. माझी कंपनी नुकतीच बदलली आहे, व्हिसाचे कागद अडकलेले आहेत. आता देशाबाहेर पडलो तर परत घेतील याची खात्री वकील देत नाही. तू याला निमित्त म्हणशील. म्हण. व्हिसाची अडचण नसती तरी मी आलो नसतो.

कागद फाडलेले नाहीत. नवी नक्कल काढून रेणूला तिच्या शाळेच्या पत्त्यावर आजच पाठवली आहे. लग्न तिचं आहे. रुचाने इंग्रजीत विचारलं, रेणूताईला कोणी विचारलं का? मला तेरा वर्षांच्या मुलीपुढे खाली बघावं लागलं.

मी तुझा भाऊ आहे, हे आज लिहायला जड जातंय. पण आहे.

नरेंद्र


अमरावती,
२४ एप्रिल २००४

ती. मामास,
रेणूचा शि. सा. न. वि. वि. ती. मामींनाही नमस्कार.

तुमचं पाकीट शाळेत मिळालं. नववीच्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली ठेवून वाचलं. आईने मला सांगितलं नव्हतं, पण काहीतरी आहे हे मी ओळखलं होतं. गेला महिनाभर ती मला दोन वेळा तूप वाढते आहे.

तुम्ही म्हणाल, आता तरी नाही म्हण. मामा, मी बसून नीट विचार केला. इथे मी काय आहे ते ऐका. काकूंच्या घरात माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर असतो. कोड लागत नाही हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय, माझ्यासमोर सांगितलंय. तरी दोरी वेगळी. माझा अर्धा पगार घरात जातो आणि खोली दिवाळीनंतर जाणार आहे. एकटीने खोली घेऊन राहीन म्हटलं तर आई विष घेईन म्हणते. घेणार नाही, पण रोज म्हणेल. शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे कोण कशाला तहात आपली माणसं देतं हे मला नवीन नाही. फक्त इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

प्रीताबद्दल वाचलं. तिच्या जबाबाचं भाषांतर त्याने केलं, ती ओळ डोळ्यांपुढून जात नाही. मी तिच्यापेक्षा एका बाबतीत बरी आहे. मला इंग्रजी येतं. माझा जबाब मी स्वतः देईन.

असं लिहिताना किती वाईट वाटतंय, मामा. लग्नाआधी मुली साड्या ठरवतात, मी जबाब ठरवते आहे. पण मी स्वतःला फसवत नाही. तो माणूस एकदा असं वागला आहे आणि पुन्हा वागेल. मग प्रश्न एवढाच उरतो की तेव्हा फोन कोण करणार. मी केला तर बरं, पण हात मोडला असेल तर कोण? म्हणून एकच काम सांगते. त्या मिसेस गॅडिस अजून तिथेच राहतात का, एवढं बघून या. त्याने घर बदललेलं नाही, मी फोनवर सहज विचारून घेतलं. त्या तिथे असतील तर मी हे लग्न करीन. खिडकीतून पाहून फोन करणारं एक माणूस शेजारी आहे, एवढं मला पुरेल. इथे तेवढंही नाही. त्या नसतील, तर मी नाही म्हणेन. मांडवात म्हणावं लागलं तरी म्हणेन.

त्या असतील तर उत्तर पाठवू नका. अमेरिकेचं पाकीट आलं की घरात बोभाटा होतो, आणि आईला आता तुमचं अक्षर दिसलं तरी घाम फुटतो. नसतील तरच लिहा. पत्र आलं नाही, तर त्या आहेत असं मी समजेन. फोन नको, काकू उचलतात. कॅफेत बसून ईमेल करायचा तर मागे पोरं उभी असतात, मला ते होत नाही. मुहूर्त सत्तावीस जूनचा आहे, म्हणजे वेळ आहे.

तुम्ही मला कागद पाठवलेत. मोठ्यांपैकी मला खरं सांगणारे तुम्ही पहिलेच. एवढ्यासाठी तुमच्या पाया पडते.

तुमची,
रेणू


अल्फारेटा,
९ मे २००४

चि. रेणूस,
मामा-मामीचे अनेक आशीर्वाद.

बाळ, काल आम्ही दोघं तिथे जाऊन आलो.

मिसेस गॅडिस तिथे नाहीत.

ही ओळ आधी लिहिली, कारण पुढचं तू वाचशील न वाचशील. त्यांच्या घरापुढे विक्रीची पाटी आहे, गवत गुडघ्याच्या वर आलंय, स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला आहे. पेट्रोल पंपावरच्या माणसाला विचारलं. म्हणाला, म्हातारी गेल्या नोव्हेंबरात मुलाकडे अलाबामाला गेली. वर हेही म्हणाला की गेली ते बरं झालं, सगळ्यांच्या घरात नाक खुपसायची. विवेकच्या घराच्या दुसऱ्या बाजूला शेत आहे. समोर रस्ता, त्यापलीकडे कारखान्याची भिंत. मी गाडी थांबवून पुढच्या घरापर्यंत चालत गेलो. मामीने विवेकच्या घरापाशी उभं राहून मला जोरात हाक मारली. मला ऐकू आली नाही. मागे वळून पाहिलं तेव्हा ती रडत होती.

त्यामुळे आता तू ठरवलं आहेस तसंच कर. नाही म्हण. आजच म्हण. मांडवात म्हणायची वेळ आली तर मांडवात म्हण, मी पाठीशी आहे. मामीची बहीण पुण्याला असते. तिच्या घरी वरची खोली रिकामी आहे, कालच विचारून ठेवलं. तिथल्या शाळेत नोकरी मिळेपर्यंत मी बघतो. आई विष घेणार नाही. तिला मी तुझ्या आधीपासून ओळखतो, ती आधी मला शिव्या घालायला जगेल.

तू लिहिलं होतंस तरी राहवलं नाही म्हणून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सीमाबाईंनी उचलला आणि रेणू घरी नाही म्हणून ठेवला. त्यांच्याजवळ हा निरोप कसा देणार? म्हणून हे पत्र मागच्यासारखंच शाळेच्या पत्त्यावर धाडतो आहे. तिथे ते थेट तुझ्या हातात पडेल. रुचाची शाळाही अजून तीन आठवडे आहे. मुहूर्ताला दीड महिना आहे, तोवर काही अडचण नाही. हे पत्र पोचल्यावर एक ओळ पाठव. ती येईपर्यंत मी रोज टपालपेटी बघणार आहे.

तू मला पाया पडते म्हणून लिहिलंस. तसं करू नकोस गं. फक्त नाही म्हण.

तुझा,
नरेंद्रमामा


अमरावती,
२० जून २००४

चि. नरेंद्र यास,
शोभनाताईचे आशीर्वाद. तू मागितले नाहीस तरी देते.

सुखरूप पार पडलं. जावयांची रजा आधी मंजूर झाली, म्हणून मुहूर्त अलीकडे ओढून, आठ दिवसांत जमवाजमव करून तेवीस मेलाच लग्न उरकलं. तुला कळवलं नाही. तू येणार नव्हतासच, मग दिवस कुठला का असेना. कन्यादान दीर आणि सीमाने केलं. मामाच्या जागी सीमाचा भाऊ उभा राहिला. गुरुजींनी मुलीचे मामा कुठे म्हणून विचारलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार लोकांत मी व्हिसाचं कारण सांगितलं. तुझंच सांगितलं आणि तुझीच लाज राखली.

रेणू शेवटपर्यंत घुम्यासारखी होती. पण चुडा भरताना, हळद लागताना कुठे अडली नाही. मला वाटत होतं, तू पाठवलेल्या त्या घाणेरड्या कागदांवरून ऐनवेळी तमाशा करील. माझी पोरगी शहाणी निघाली. मुंबईला व्हिसाचं काम लवकर झालं आणि चौदा जूनला दोघं गेली. आता ती तिच्या घरी आहे. घरातला फोन जावयांनी काढून टाकलाय. मोबाइल घेतलाय, पण तो कामावर त्यांच्याजवळ असतो. पोचल्याचं त्यांनीच कळवलं. रेणू झोपली होती, म्हणून तिच्याशी बोलणं झालं नाही. नंबर तुला द्यायचा नाही असं त्यांनी सांगितलंय. त्या कोर्टाच्या खटाटोपाचं पद्मिनीबाईंनी त्यांना सांगितलं असावं. ते मनाला लावून घेतलंय त्यांनी, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. तू शाळेच्या पत्त्यावर पुन्हा पत्र धाडलंस. अमेरिकेत जाऊन एवढंही विसरलास का रे, की आपल्याकडे मे महिन्यात शाळांना सुट्टी असते? शाळेत चिटपाखरू नव्हतं. शिपाई बिचारा भला, बाईंचं लग्न आहे, परदेशचं पाकीट आहे, म्हणून हळदीच्या दिवशी उन्हातून सायकल मारत घरी आणून दिलं. दारात मीच होते. अक्षर पाहिलं आणि पाकीट पदराआड घेतलं. आधी एकदा कागद पाठवून तू माझ्या पोरीची झोप उडवली होतीस, आता हळद लागलेल्या मुलीच्या हातात मी ते देणार नव्हते. डब्यात तांदळाखाली ठेवलं. आईने काय करायला हवं होतं ते तू मला शिकवू नकोस.

तिने त्या दिवसांत मला कितीदा तरी विचारलं असेल, टपाल आलं का म्हणून. मी म्हटलं, मामाची एवढी वाट बघतेस, आणि त्याला लग्नाचं काही आहे का? हळदीच्या संध्याकाळी पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं. तर काय झालं असेल? इतके दिवस तोंड मिटून बसलेली मुलगी हसली. म्हणाली, मामाचं पत्र नाही ना, मग सगळं ठीक आहे. आणि स्वतःहून उठून मेंदीला बसली. मला त्याचा काही अर्थ लागला नाही, पण तिचा चेहरा असा निवळलेला मी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. तेवढ्यासाठी मी तुला माफ केलं, तुझं पत्र न आल्यानेच ती खूश झाली असं समज.

आता राग सोड. ती तुझ्यापासून चार तासांवर आहे, मी तर इथे आहे. जावयांचा राग निवला की हळूहळू येणं-जाणं सुरू होईल. तुझं पाकीट मी फोडलेलं नाही, जसंच्या तसं आहे. त्यात काही तातडीचं असेल तर कळव.

तुझी,
शोभनाताई